आठ नंबरची विहीर

१

दर महिन्याला एकदा मी माझ्या नवऱ्याशी खोटं बोलायचे आणि त्याबद्दल मला पगार मिळायचा. हे वाक्य लोकांना फार आवडतं, म्हणून वापरून वापरून मी ते गुळगुळीत करून टाकलंय. त्यामागची हकिगत मात्र अगदी रुक्ष आहे. मी विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करते आणि माझा नवरा प्रयोगशाळेत ते तपासतो. प्रयोगशाळा झोपेत आकडे लिहीत नाही ना, हे बघायला आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. एकाच विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं. एकीवर त्या विहिरीचा नंबर टाकायचा आणि दुसरीवर जगात नसलेल्या एखाद्या विहिरीचा. दोन्हीचे आकडे जुळले तर तपासणारा प्रामाणिक. कुठली विहीर खोटी, हे तपासणाऱ्याला सांगायचं नसतं, मग तो घरी तुमच्या शेजारी घोरत का असेना.

त्या वर्षी मला एका माळाचं काम मिळालं होतं. कारखान्यांचा विषारी कचरा पुरण्यासाठी तो माळ मुक्रर व्हायचा होता. अजून मंजुरी नव्हती, फक्त तारेचं कुंपण, एक पाटी आणि एक पहारेकरी एवढंच होतं. कचरा येण्याआधी आजूबाजूचं पाणी कसं आहे ते मोजून ठेवायचं, म्हणजे उद्या बिघडलं तर कुणाला कानावर हात ठेवता येणार नाहीत, असा सगळा हिशेब. माळाभोवती सात विहिरी होत्या. सातवी माझ्या ताईच्या परसात होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आईवडिलांच्या मागे तिनेच मला वाढवलं आणि माझं लग्न झाल्यावर ती त्या वस्तीतल्या शेवटच्या घरात एकटी राहत होती. हे काम मी मागून घेतलं ते तिच्यासाठीच. तिच्या विहिरीखालची जमीन आणि माळाखालची जमीन एकच आहे, इकडचं तिकडे झिरपतं, एवढं मी दाखवून दिलं असतं तर मंजुरी अडली असती.

आणि आठ नंबरची विहीर? ती नव्हतीच. पण नकाशावर प्रत्येक नंबराला एक ठिपका लागतो. मी तो ताईच्या घरामागे, एका फुटक्या सिमेंटच्या टाकीजवळ टेकवला होता. तिथे गवतसुद्धा धड उगवत नव्हतं.

२

ताईच्या विहिरीवरचं काम मी शेवटी ठेवायचे, कारण तिथे चहा मिळायचा. मापाची फीत विहिरीत सोडायची, तिचं टोक पाण्याला टेकलं की वर चाकातला भोंगा वाजतो. मग साठलेलं पाणी पंपाने उपसून टाकायचं आणि ताजं पाणी येऊ द्यायचं. बाटली त्याच पाण्याने खळबळायची, काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची. आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, नाहीतर उडून जाणारी रसायनं त्या हवेत शिरतात.

ताई परसाच्या पायरीवर बसून हे सगळं बघायची आणि खोकायची. कोपराला ठिगळ लावलेला तिचा तपकिरी स्वेटर उन्हाळ्यातही अंगावर असायचा. ठिगळ मीच लावलं होतं, वाकडंतिकडं.

"मुंगे, झाकण घट्ट लाव गं," ती दर वेळी म्हणायची. "माझं पाणी रस्त्यात सांडत जाशील."

मुंगी हे माझं घरातलं नाव. ते घेणारं माणूस आता एकच उरलं होतं.

"आधी तुझ्या खोकल्याचं बघ," मी म्हणायचे. "डॉक्टरकडे गेलीस का?"

"गेले होते. तो माझ्यापेक्षा जास्त खोकत होता. मलाच त्याची कीव आली."

मग मी तेच पाणी दुसऱ्या बाटलीत भरायचे, तिच्यावर आठ लिहायचे, आणि आम्ही चहा प्यायचो. चहाचं पाणी अर्थातच त्याच विहिरीचं.

परतताना एकदा कुंपणाजवळ पहारेकऱ्याने हात करून गाडी थांबवली. "मॅडम, तेवढं आठ नंबरच्या विहिरीवर झाकण टाकायला सांगा कुणाला तरी. उघडीच असते. एखादं जनावर पडायचं."

मला हसू आलं. ह्याने माझा नकाशा कधीतरी बघितला असणार आणि आता आपण किती दक्ष आहोत ते दाखवतोय. "सांगते," म्हटलं आणि निघाले.

३

पहिल्या महिन्याचे आकडे आले तेव्हा मी ते उभ्याउभ्याच वाचले आणि मग खाली बसले. एक ते सात सगळं ठीक होतं. आठमध्ये मात्र विष होतं. रंग काढायला, यंत्रं धुवायला वापरतात ती द्रावकं, ज्यांच्या नुसत्या वासाने डोकं धरतं. ती विहिरीच्या पाण्यात असायला कुणीतरी आणून ओतावी लागतात.

सात आणि आठ एकच पाणी होतं. एकाच पंपातून, मी माझ्या हाताने भरलेलं.

मी मनाशी कारणं लावली. बाटली आधीच खराब असेल, किंवा प्रयोगशाळेत कुणाच्या तरी नमुन्याशी अदलाबदल झाली असेल. नवऱ्याला सरळ विचारलं तर युक्ती फुटते, म्हणून आडून विचारलं.

"आठ नंबर पुन्हा तपासशील का रे?"

"तपासला," तो म्हणाला. तो कांदा चिरत होता आणि डोळे पुसत होता. "तेच आलं."

"आणि सात?"

"सात चांगली आहे. ताई ठणठणीत राहणार, काळजी करू नकोस."

मी काळजी केली नाही. पुढच्या महिन्यात नव्याकोऱ्या बाटल्या नेल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून अर्धी ही, अर्धी ती, अशा आलटून पालटून भरल्या. आकडे आले. सात स्वच्छ. आठमध्ये विष पहिल्यापेक्षा जास्त. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी जास्त. चुकीला काही चाल नसते, ती कुठेही उडी मारते. हे आकडे पायरी पायरीने चढत होते. खऱ्या विहिरीचे चढतात तसे.

४

त्यानंतर ताईकडे गेले तर तिचा खोकला गेलेला.

"कशाने गेला?"

"गेला आपोआप," ताई म्हणाली. पायरीवर बसली नव्हती, उभी होती. गुडघेही दुखत नव्हते म्हणे. गालांवर तकाकी आली होती. स्वेटर दिसत नव्हता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

विहिरीवर गेले. कप्पीवरचा दोर हाताला कोरडा लागला. नुसता कोरडा नव्हे, त्याच्या पिळात धूळ बसली होती. बादली पालथी होती आणि तिच्या कडीवर कोळ्याने जाळं विणलं होतं. फीत खाली सोडली. भोंगा नेहमीच्याच खोलीवर वाजला. वर ओढली तर टोक कोरडं. पुन्हा सोडली, पुन्हा वाजला, पुन्हा कोरडं. ऊन कडक आहे, वर येईपर्यंत वाळत असेल, असं मी स्वतःला समजावलं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या कुणी हे कारण दिलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. पंप लावला, तर पाणी आलं. नितळ, गार. बाटल्या भरल्या.

स्वयंपाकघरात ताईने चहा पुढे ठेवला आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिली. तिने स्वतःसाठी कप घेतला नव्हता.

तेवढ्यात खोकला ऐकू आला.

मी तो खोकला लहानपणापासून ओळखते. आधी दोन कोरड्या उबळी, मग एक लांब, मग शेवटी वैतागून "हं". भिंतीपलीकडून, मागच्या बाजूने येत होता. ताईचं तोंड मिटलेलं होतं. ती हसत होती.

"कोण आहे गं मागे?"

"मागे कोण असणार? माळ आहे."

"कुणीतरी खोकतंय."

"वारा असेल," ताई उठली आणि खिडकी लावून घेतली. "चहा निवतोय."

गाडीत बसल्यावर मला आठवलं, झाकण घट्ट लाव असं ती आज म्हणालीच नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. नवरा एकटाच होता. यंत्रांची घरघर, धुतलेल्या काचा, पांढरा दिवा. माझ्या आयुष्यात सर्वांत जास्त विश्वास मी ज्या खोलीवर ठेवला ती ही.

"आठ नंबर नाहीये," मी म्हणाले. "ते ताईचं पाणी आहे. माझी युक्ती फुटली तर फुटू दे. पण एकाच पाण्याचे दोन आकडे कसे आले ते मला सांग."

तो हातमोजे काढायला लागला. एकेक बोट, सावकाश.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"आठ खोटी आहे ते. खोट्या बाटलीवर तुझं अक्षर नेहमी जास्त सुवाच्य असतं. लग्नाआधीपासून."

यंत्र घरघरत राहिलं.

"दोन्ही बाटल्यांत सारखंच होतं," तो खाली बघून म्हणाला. "पहिल्या महिन्यापासून. कारखानेवाल्यांनी मंजुरीची वाट बघितलीच नाही. कुंपणाच्या आत पिंपं उतरवली. काही गळतायत."

"मग सात स्वच्छ कशी आली?"

"सात मी स्वच्छ केली."

"आणि आठ?"

"ती नाहीच ना," तो अगदी समजूत काढल्यासारखा बोलला. "मला कुठेतरी खरं लिहायला हवं होतं गं. सगळंच खोटं लिहिणं मला जमेना. म्हणून जिथे कुणी पाणी पीत नाही, अशा जागी खरं लिहिलं."

मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाजच निघाला नाही. "ताई पीत होती," एवढंच म्हणाले. "मी पीत होते."

"ही प्रयोगशाळा त्यांच्याच कामावर चालते. मी खऱ्या विहिरीवर विष लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुलूप."

"मला का नाही सांगितलंस? गुपचूप तिला उचलून घरी आणलं असतं मी."

कुलपाचं कारण त्याने चटकन दिलं होतं, हे मात्र त्याच्या तोंडून निघेना. मग निघालं.

"म्हणूनच. आणलं असतंस. दोन खोल्या आहेत आपल्या."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माणूस मोठ्या भीतीपोटी दगा देतो तेव्हा निदान त्या भीतीचा तरी मान ठेवता येतो. ह्याने माझ्या बहिणीला विष पिऊ दिलं, कारण ती आली तर आपल्याला बाहेरच्या खोलीत टीव्ही बघता येणार नाही. मी त्या माणसाच्या ताटात रोज वाढत होते आणि तो मला रोज सांगत होता, ताई ठणठणीत राहणार.

"अंतिम अहवालातून आठ काढून टाकतो," तो म्हणाला. "म्हणजे कुणी प्रश्न विचारणार नाही. मिटलं."

"हात लावू नकोस!" आता आवाज निघाला. "तिच्या पाण्याबद्दल खरं लिहिलेलं तेवढ्याच एका जागी आहे. आठला हात लावू नकोस. शप्पथ घे."

त्याने मान डोलावली. आणि मी, एवढं होऊनही, त्या मानेवर विश्वास ठेवला.

६

भर दुपारी ताईच्या दारात गाडी उभी केली. तिची बॅग मीच भरायला घेतली. कपडे, चष्मा, गोळ्यांची डबी. डबीतल्या गोळ्या तशाच होत्या.

"मी कुठेही येणार नाही," ताई दारात उभी राहून म्हणाली. "मला काय झालंय?"

"पाणी विषारी आहे तुझं. सगळं सांगते, आधी गाडीत बस."

"माझं पाणी चांगलं आहे. तूच तर म्हणालीस."

"मला खोटं सांगितलं होतं. आपल्या घरातल्याच माणसाने."

"माझ्याकडे बघ तरी," ती म्हणाली.

मी बघितलं. डोळ्यांखाली काळं नाही. पायांवर सूज नाही. लहानपणी कंदील पुसताना काच लागली तेव्हाचा हनुवटीवरचा व्रणही मला दिसेना, पण ती उजेडाकडे पाठ करून होती. सात नंबरच्या आकड्यांत जसं सगळं शून्य होतं, तशी ती दिसत होती. तिच्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

"स्वेटर कुठाय तुझा? तपकिरी?"

"कुठला स्वेटर?"

मागच्या बाजूने खोकला आला. दोन कोरड्या उबळी, एक लांब, मग "हं".

मी खिडकीकडे गेले. तिने माझा हात धरला. हात गार होता आणि पकड घट्ट होती, पण त्यात राग नव्हता. "नको ना बघूस," ती लाडाने म्हणाली. "मी बरी आहे, तेवढं पुरे नाही का तुला?"

लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला ते पुरेसं वाटलं. बरी झालेली बहीण, भरलेली बॅग, दारात गाडी. मग माझ्या लक्षात आलं की मी आल्यापासून, खरं तर गेल्या खेपेपासून, तिने मला एकदाही मुंगे म्हटलं नव्हतं.

मी हात सोडवला आणि मागचं दार उघडलं.

७

माळावर ऊन सपाट पडलं होतं. मागच्या बाजूला कुंपण अजून पोचलेलं नव्हतं. फुटकी टाकी दिसत होती, आणि टाकीच्या पलीकडे कठडा.

मी नकाशावर ठिपका टेकवला होता नेमका तिथेच. कठड्याचा दगड ताईच्या विहिरीसारखाच, कप्पीची कुरकुर तशीच. दोर मात्र ओला होता, त्यावरून पाणी निथळत होतं. कठड्याला टेकून, माझ्याकडे पाठ करून, एक बाई बादली वर ओढत होती. तिचे केस इतके विरळ झाले होते की डोक्याची कातडी दिसत होती. अंगात तपकिरी स्वेटर होता. कोपराला वाकडंतिकडं ठिगळ.

तो वास मला तिथपर्यंत आला. डोकं धरणारा, गोडसर.

तिने बादली कठड्यावर टेकवली, ओंजळ भरली आणि प्यायली. मग खोकली.

"ताई!" मी हाक मारली. "पिऊ नकोस! ताई!"

ती वळली नाही. ओंजळ तशीच धरून, दमलेल्या आवाजात म्हणाली, "मुंगे, किती उशीर केलास गं. इथे कुणी येतच नाही."

मी धावायला लागले. खिशात फोन वाजत होता. तो मी का उचलला, हे अजून माझं मला कळलेलं नाही. इतक्या वर्षांची सवय, त्याचा फोन आला की उचलायचा.

"पाठवला अहवाल," नवरा म्हणाला. "आठ काढून टाकली. ऐक, रागावू नकोस, तुझ्याचसाठी केलं. आता सगळं नीट..."

समोरचा खोकला दुसऱ्या उबळीवर तुटला. लांब उबळ आलीच नाही.

मी मान वर केली. टाकी होती. टाकीच्या पलीकडे माळ होता, उघडा, दूर पाटीपर्यंत. जमिनीवर ओंजळभर ओल होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ती उन्हाने आटत गेली. मी गुडघ्यांवर बसून तिथे हात लावला. माती कोरडी लागली. फोनमध्ये तो अजून बोलत होता. मी नखांनी माती उकरत ताईला हाका मारत राहिले.

"कुणाला हाका मारतेस?"

ती मागच्या दारात उभी होती. तकतकीत, सरळ, हातात चहाचा कप घेऊन. "उन्हात काय बसलीस? मी इथे आहे ना."

मी उठले. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. तिने कप पुढे केला. चहाला वास नव्हता, कसलाच.

"ताई," मी विचारलं, "लहानपणी तू मला काय म्हणायचीस?"

ती हसली. मग मायेने माझ्याकडे बघत, बराच वेळ, नुसती हसतच राहिली.